पातळ आग

परीक्षेच्या दिवशी तुम्ही गाडीत बसायचं नाही, असं मी बाबांना चारदा बजावलं होतं. ऐकतील तर ते माझे बाबा कसले! सकाळी पाहते तर इंजिनाला लागूनच्या पहिल्या डब्यात, खिडकीशी, तिकीट काढून बसलेले. इंजिनात तिसऱ्या माणसाला जागा नसते, त्यामुळे परीक्षक साहेबही तिथेच, मांडीवर वही घेऊन.

डोंगरावर जाणारं आमचं हे वाफेचं इंजिन शंभरी ओलांडलेलं. आता लोक यात हौसेनं बसतात, दरी बघायला आणि फोटो काढायला. बाबांनी एकतीस वर्षं याच्या भट्टीत कोळसा टाकला आणि चढणीवर गाडी एकदाही उभी राहू दिली नाही. हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं. आज त्यांच्या जागी मी. गाडी चढणीवर न थांबता वर पोचली तर माझी नोकरी पक्की. वाफ कमी पडून थांबली तर मी घरी, आणि ‘तरी म्हटलं होतं, हे बाईमाणसाचं काम नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे.

निम्म्या वाटेवर इंजिन पाणी घ्यायला थांबतं. खरी चढण तिथून पुढे. मी कोळशावर पाणी शिंपडत होते, कारण आजचा कोळसा म्हणजे निम्मा चुराच. कोरडा टाकला असता तर धुराड्यातून उडून गेला असता. तेवढ्यात बाबा खाली उतरून आलेच.

"भट्टी भर," म्हणाले. "चांगली काठोकाठ भर. मग काळजी नाही."

"बाबा, चुरा आहे हा. थर जाड झाला की हवा मिळायची नाही, आग गुदमरेल. मी पातळच ठेवणार. थोडं थोडं, पण सारखं टाकत राहणार."

"मला शिकवतेस? एकतीस वर्षं मी..."

"ठाऊक आहे! पाठ झालंय मला!"

मी ओरडलेच. फलाटावरचे प्रवासी वळून बघायला लागले. बाबांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हणून काय भट्टी भरायची?

मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामाच म्हणतात. "माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "फावडं वाजव, मी निघतो."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. फायरमननं फावडं इंजिनाच्या लोखंडी जमिनीवर दोनदा आपटलं की पुढच्या आगीची जबाबदारी त्याची. त्याआधी ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि त्यानंतर आगीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. ड्रायव्हरनं नाही, साहेबानं नाही, बापानंही नाही.

मी दोनदा आपटलं. बाबा मुकाट्यानं डब्यात जाऊन बसले.

पहिलं वळण सुखानं पार झालं. अर्धं फावडं डावीकडे, अर्धं उजवीकडे, थोडं मागे, दार बंद. की पुन्हा दार उघड. डब्यांतून "अगं ती दरी बघ, दरी!" असा गलका चाललेला, माझ्या वाट्याला भट्टीचं तोंड. दुसऱ्या वळणावर चाकं घसरली. मामांनी रुळांवर वाळू सोडली, चाकांनी पकड घेतली, पण वाफेचा काटा खाली यायला लागला. गाडी अक्षरशः रांगत होती. चार फावडी एकदम लोटून द्यावीत म्हणून माझे हात शिवशिवत होते. लहानपणापासून ऐकलेलं असं ऐन वेळी हातात उतरतं. पण नाही म्हणजे नाही. मेले तरी भरणार नाही! काचेच्या नळीत बॉयलरचं पाणी पुरेसं दिसत होतं, म्हणून आत जाणारं गार पाणी जरा वेळ बंद केलं, आणि पुन्हा तेच. थोडं. थोडं. अजून थोडं. मामा काट्याकडे बघत होते, पण बोलले नाहीत. काटा थांबला. मग नखभर वर सरकला.

"चल गं बाई," मी इंजिनाला म्हटलं, "आता लाज राख माझी."

गाडी चालत राहिली. वरच्या स्टेशनात गाडी थांबली. साहेब वही घेऊन आले. मागून बाबा.

"तुमचे वडील कमालच आहेत," साहेब म्हणाले. "खिडकीत एवढी दरी, आणि हे चढणभर डोळे मिटून!"

"इंजिन ऐकत होतो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "दुसऱ्या वळणावर मी भट्टी भरली असती."

"माहितीये."

"आणि गाडी उभी राहिली असती." ते साहेबांकडे वळले. "आज मी असतो तर गाडी थांबली असती, साहेब. हेही लिहा वहीत."

"अहो, त्याची काही गरज नाही..."

"लिहा म्हणतो ना," बाबा म्हणाले, आणि साहेबांचं लिहून होईपर्यंत तिथून हलले नाहीत.