आत्याचा द्रोण

आप्पाजीबाबांना काय मिळणार होतं, ते आधी मांडू. एक खोली. बंगळूरच्या बेळ्ळंदूरात, उल्हासच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातली, तळ्याच्या बाजूची, बाथरूम जोडलेली. अडचण एकच: त्या खोलीत उल्हासची चंपाआत्या राहत होती. आईविना उरलेल्या उल्हासला बेळगावात तिनंच वाढवलेलं.

उल्हासच्या बायकोचं, शाल्मलीचं, दुसरं बाळही पोटातच गेलं आणि बाबांना वाट सापडली. "घरातलंच कुणीतरी गर्भ खातंय. रविवारी सगळ्यांना बोलवा. अग्नी बोट दाखवील."

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. पुण्याचे, नागपूरचे, सगळे कॉम्प्युटरवाले. बाबांनी जुन्या कॅलेंडरची पानं फाडून द्रोण वळले.

"कागद म्हणजे कोण? झाड! झाड खोटं बोलत नाही. त्याचं व्हायब्रेशन डायरेक्ट आत्म्याशी कनेक्ट!"

उल्हासच्या ऑफिसातल्या नंदूनं मान डोलावली. 'डायरेक्ट' म्हटलं की त्याला पटतं.

बाबांनी शाल्मलीच्या द्रोणात तीर्थ ओतलं. तिनं तो समईवर धरला. ज्योत बुडाला चाटत राहिली, तीर्थ उकळायला लागलं, पण कागद पेटेना! "निर्दोष!" बाबा गरजले. उल्हासही तसाच सुटला. लोकांनी हात जोडले.

मग आत्या. "हिच्यावर शनीची छाया. हिला तीर्थ चालत नाही," म्हणत बाबांनी तिच्या द्रोणात तेल ओतलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उल्हासची नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दोन चाचण्यांत केसाएवढा फरक दिसला तर हा ऑफिस डोक्यावर घेतो. इथं हात जोडून उभा होता.

तेल कागदात मुरलं आणि भडका उडाला. पेटतं तेल आत्याच्या तळव्यांवर सांडलं. किंचाळून तिनं द्रोण टाकला.

"चेटकीण!" उल्हासनं तिच्या कानफटात मारली. ती भिंतीवर आदळली, ओठ फुटला.

"उल्हासा, स्वल्प ऐक रे... मी काय केलंय?"

"बाहेर काढा हिला!"

नंदूनं तिचे केस धरले. फरफटत दारापर्यंत नेलं. फरशीवर रक्त आणि तेल एकात एक. दारात शेजारची वीणा उभी होती, शाळेत विज्ञान शिकवणारी.

"सोड! सोड म्हणते ना!" तिनं नंदूला ढकललं, आत्याचे हात नळाखाली धरले. "हात काढू नको, आत्या." मग वळून विचारलं, "शाल्मली, तुझ्या द्रोणात काय होतं?"

"तीर्थ."

"म्हणजे पाणी. आणि आत्याच्या?"

"तेल..." शाल्मलीनं वळून बाबांकडे पाहिलं.

वीणानं नवा द्रोण वळून तेल ओतलं. "बाबा, आता तुम्ही धरा."

बाबांनी हात पाठीमागे नेले. "साधूची परीक्षा घेत नाहीत, ताई."

"आणि म्हातारीची घेतात?"

तिनं तो द्रोण सांडशीत पकडून समईवर धरला. भडका! दुसऱ्यात आत्याच्या नावानं पाणी घातलं. पाणी खळखळलं, वरची कड तेवढी करपली.

"पाणी ज्योतीची उष्णता पिऊन घेतं. शंभर अंशांना उकळतं, त्याच्यावर चढत नाही. कागदाला पेटायला दोनशेच्या वर लागतात. तेल शंभरावर थांबत नाही, शिवाय कागदाची वात करतं. एवढाच तुमचा शनी. आणि बाळाचं विचारायचं तर डॉक्टरला विचारा, समईला नाही."

बाबा लिफ्टकडे सरकले. नंदूनं लगेच त्यांच्यावर मूठ उगारली.

"पुन्हा हात?" वीणा म्हणाली. "पोलिसांना फोन लाव."

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: दोघांच्या द्रोणात एकच आहे ना? विचारायला हिंमत लागत नाही, लाज सोडावी लागते.

आता हिशेब. बाबांना खोलीऐवजी चौकीतलं बाकडं मिळालं. उल्हास आत्याच्या पायांशी रडला. ते त्याला फुकटच पडलं. कागदाची घडी उलगडते, वाफेचं पुन्हा पाणी होतं. जळलेलं परत फिरत नाही. आत्याची बोटं आता मिटत नाहीत. सगळ्यांचं तिनंच भरलं.