ऐनाचा घेर

झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजतात. बारीक झाडाला एकटा माणूस फीत गुंडाळतो, थोराड असेल तर पलीकडून टोक धरायला दुसरा लागतो. मुलुंडच्या डोंगराखाली नवा रस्ता व्हायचा होता आणि तिथली झाडं मोजायला आमच्या कंपनीने मला पाठवलं होतं. नेमक्या त्या दिवशी माझ्या जोडीदाराने दांडी मारली. त्यामुळे जुन्या ऐनाला फीत लावताना दुसरं टोक बाबांनी धरलं.

बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला वॉचमन झाले. गावची जमीन भावकीने गिळली, तेव्हा त्यांनी या ऐनाखाली एक दगड मांडला आणि त्यालाच आमचा राखणदार ठरवून टाकलं. दरवर्षी तिथे राखण द्यायची, म्हणजे नारळ, कोंबडा आणि हात जोडून गाऱ्हाणं. ते एकेक मागणं मागायचे आणि मी मागून "होय म्हाराजा" म्हणायचं. मी दहावी पास झालो तो ऐनाच्या कृपेने, असं ते अजून चारचौघांत सांगतात. रात्रंदिवस घोकंपट्टी मी केली, ते गेलं उडत.

"तीन मीटर दहा," मी म्हणालो.

"लिव," बाबा म्हणाले. "आणि ह्येच्या फुडे काय लिवतलंस?"

फॉर्मवर तीन रकाने होते: राखायचं, हलवायचं, तोडायचं. 'राखायचं' लिहिलं तर रस्ता थोडा वळवावा लागणार होता. आमचे अनिरुद्धसर सकाळीच फोनवर म्हणाले होते, "निलेश, जास्त शहाणपणा नको. मोठी झाडं हलवायच्या रकान्यात टाक. लोकही खूश, आपणही खूश." हेच सर ऑफिसात पडद्यावर चित्रं दाखवून सांगायचे की, असं एक जुनं झाड हवेतला किती कार्बन पोटात धरून बसतं, आपल्यासारख्या गरम देशांतली जंगलं राखली तरच जग थोडं थंड राहील. सांगायचे मात्र झकास.

मी 'हलवायचं' लिहिलं.

"म्हणजे कापणार नाहीत, बाबा. मुळासकट उचलून दुसरीकडे लावणार. शिवाय एकाच्या बदल्यात दहा रोपं."

"माझ्या बदल्यात धा तान्ही पोरां हाडून दिली, तर तुझी आवस घर चालवीत काय?"

मला हसू आलं. तेव्हा हसलो, याची आज लाज वाटते.

वस्तीतले लोक हरकतीचे अर्ज भरत होते. बाबांनीही भरला, स्वतःच्या अक्षरात, दोन पानं. द्यायच्या आदल्या दिवशी मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "अर्जबिर्ज नको, बाबा. माझी नोकरी आहे त्यात. झाड जगणार आहे ना, मग कशाला?" इतक्या वयाच्या झाडाची मुळं छाटली की ते सहसा जगत नाही, हे मला माहीत होतं. मी शिकलोच ते. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मुदत संपली, अर्ज माझ्या बॅगेत राहिला.

झाड उचलायच्या दिवशी क्रेन यायच्या आधी बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, तुका दुसऱ्या जागेर न्हेतत. माझो झील म्हणता तू जगतलंस. त्येचो शब्द खरो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो.

फांद्या छाटून, मुळं तोडून कामगारांनी ऐन ट्रेलरवर आडवा घातला आणि कांजूरच्या बाजूला, खाडीलगतच्या एका ओसाड प्लॉटवर नेऊन पुरला. बाबा रोज सकाळी बस पकडून तिथे जायचे. पाच लिटरचे दोन कॅन घेऊन, अडुसष्टाव्या वर्षी. उन्हाळ्यात ऐनाची पानं झडतातच, म्हणून तो मेला की निजला, हे कोणालाच कळेना. आई त्यांना थांबवायची. "अहो, ऊन बघा केवढं आहे, वाट लागेल तुमची." ते ऐकायचे नाहीत.

जुलैत त्यांचा फोन आला. "झिला, हिरवा दिसता हा! ये बगूक."

मला तिथे तसंही जायचंच होतं. हलवलेल्या झाडांपैकी किती जगली, ते लिहायचं काम माझ्याकडेच आलं होतं. आजूबाजूला ओळीने नुसते काळपट खुंट उभे होते. आमच्या ऐनावर मात्र हिरवं होतं. हृदयाच्या आकाराची, लुसलुशीत पानं. ऐनाचं पान तसं नसतंच. गुळवेल चढली होती मेलेल्या खोडावर.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. उन्हाने चेहरा रापलेला, हातात रिकामा कॅन.

"काय रे, जगला मा?"

"हो बाबा," मी म्हणालो. "जगलं."

त्यांनी वेलीचं एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं.

"गुळवेल आसा ती. कोकणात जन्म झालो माझो, माका काय गुळवेल वळखूक येना नाय? तुझ्या तोंडान एकदा खरा आयकूचा होता, म्हणान बोलवलंय तुका."

मी मान खाली घातली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"फीत काढ," ते म्हणाले.

मी फीत काढली. त्यांनी टोक धरलं, मी खोडाला वळसा घालून आलो. साल हाताला लागली तशी सुटून पडली.

"किती?"

"तीन मीटर दहा."

"आता खरा लिव."

मी 'मृत' लिहिलं. बाबांनी फितीचं टोक सोडलं, कॅन उचलला आणि दूर, मुलुंडच्या डोंगराकडे पाहत विचारलं, "आता राखण खंय देवची रे?"

मी फीत गुंडाळू लागलो. ते बसस्टॉपच्या दिशेने एकटेच चालायला लागले.