अध्यक्षांच्या फोनमधला सबूत

दानम्माच्या शेतात सोयाबीनची रास चालू होती. मळणीयंत्राच्या धुरळ्यात माणूस माणसाला ओळखू येत नव्हता. तरीही यंत्रात काड लोटणारे तिघे अंजूला बिनचूक ओळखत होते आणि एकमेकांना कोपराने ढोसत होते. अंजूने ते पाहिले आणि पोत्याचे तोंड अधिक घट्ट धरले.

अंजू ही दानम्माची एकुलती लेक. दोन वर्षे उदगीरला नांदली आणि नवऱ्याचा मार असह्य झाला तेव्हा निलंगा तालुक्यातल्या या आमच्या गावी, आईकडे परतली. नवऱ्याने, म्हणजे उमाशंकरने, तिला एक फोटो पाठवला. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, ती नको नको म्हणत असताना त्याने तो काढला होता. खाली लिहिले होते : परत ये, न्हाईतर जगाला दावतो. ती गेली नाही. आठवड्याच्या आत तो फोटो इंटरनेटवर चढला आणि तिथून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर उतरला. एरवी या गटावर पावसाचा अंदाज, मयताचा निरोप आणि सकाळचे सुविचार येतात. त्या दिवशी सुविचार कुणाला आठवला नाही.

आमचे गाव तंटामुक्त आहे. वेशीवरच्या कमानीवर तसे लिहिले आहे. समितीचे अध्यक्ष सिद्रामप्पा यांना तंटा मिटवण्याची एकच रीत अवगत. दोन्ही पक्षांना महादेवाच्या देवळात बसवायचे आणि पिंडीवरचा बेल उचलून शपथ घ्यायला लावायची. बांधाचा वाद असो की बैलाचा, बेल हातात घेऊन आमच्याकडे कुणी खोटे बोलत नाही. इतर वेळी बोलतात.

सोमवारी दुपारी सभामंडप भरला. इतकी उपस्थिती ग्रामसभेला कधी लाभलेली नाही. उमाशंकर परीटघडीचे कपडे घालून आला होता. त्याने बेल उचलला, आपल्या फोनमधून फोटो पुसल्याचे सांगितले, रागाच्या भरात झाले म्हणाला. समितीचे तेवढ्याने समाधान झाले.

"आता तू, पोरी," सिद्रामप्पा म्हणाले. "तुज्या फोनमधला फोटू बी हितंच पुसून टाक. अन् सायबर पोलिसाकडं दिलेली तक्रार मागं घे. नवरा-बायकूचा मामला हाय. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"म्या न्हाई पुसणार, अप्पा."

मंडपात कुजबुज उठली. कुणीतरी मागून म्हणाले, "बगा! लाज हाय का? सोताच जपून ठिवलाय!"

"हाव, जपलाय," अंजू म्हणाली. "कामून ते आयका. असे फोटू रोकायची एक सोय हाय इंटरनेटवर. त्यो फोटू माज्या फोनवरच ऱ्हातो, त्याचा निस्ता ठसा तयार हुतो, आकड्यांचा. त्यो ठसा तिथल्या कंपन्यांकडं जातो. मंग त्यांच्याकडं कुनी बी त्यो चढवला, तर बैलाच्या कानातल्या बिल्ल्यावानी त्यांच्या यंत्राला वळखू येतो, अन् त्ये काडून टाकतंय. पुसला तर ठसा कशाचा काडू? पोलिसाला काय दावू?"

"आमाला नको शिकवू. आमी आजवर शंभर तंटे मिटिवले."

"तुमच्या फोनमंदी हाय का त्यो, अप्पा?"

सिद्रामप्पांनी खाकरून घसा साफ केला. "हाय. सबूत म्हून ठिवलाय. समितीला पुरावा लागतोय."

"समिती सात जनांची. सबूत कितीजनांनी ठिवलाय?"

तेव्हा दानम्मा उठली. आयुष्यात देवळात चढ्या आवाजात न बोललेल्या त्या बाईने बेलाचे ताट उचलले आणि अध्यक्षांपुढे धरले.

"ज्यानं माज्या लेकीचा फोटू बगितला न्हाई, कुनाला धाडला न्हाई, त्यानं ह्यातलं पान उचला. महादेवाम्होरं."

ताट पहिल्या ओळीतून फिरले, दुसऱ्या ओळीतून फिरले. ज्यांनी मघाशी लाजेची चौकशी केली होती त्यांना अचानक मंडपाचे वासे मोजण्याची निकड भासू लागली. पान उचलायला एकच हात पुढे आला : बटणांचा फोन वापरणारे पुजारी सिद्धलिंग. धर्मभीरू गाव आहे आमचे. खोटे बोलायचे धाडस कुणाला झाले नाही, आणि खरे बोलायचेही नाही. बैठक निकालाविना उठली.

त्या संध्याकाळी अंजूने ठसा काढला. ज्या संकेतस्थळावर फोटो होता तिथे स्वतंत्र तक्रारही केली. बुधवारी निरोप आला की फोटो काढून टाकला आहे. हजारो कोसांवरच्या, अंजूचे नावही न ऐकलेल्या कुणीतरी ते काम दीड दिवसात केले होते. तिने दुवा तीनदा उघडून पाहिला. तिन्ही वेळा पान रिकामे होते.

"गेला का गं?" दानम्माने विचारले.

"तिथनं गेला, अव्वा. गावातल्या खिशांत मात्र ठसा पोचत न्हाई."

शुक्रवारी सकाळी अंगणात दानम्मा सोयाबीन पाखडत होती. सिद्रामप्पा दारात येऊन उभे राहिले. हातात फोन, आवाजात प्रथमच विनंती.

"अंजू, लेकी, पोलिस ठाण्यातनं फोन आलता. उद्या येनार हायत म्हनं, गटातल्या समद्यांचे फोन बगायला. मला ह्ये पुसायचं कळंना झालंय. नातू हासायलाय. तू जरा..."

अंजूने फोनला हात लावला नाही.

"पुसू नका, अप्पा. सबूत म्हून ठिवलाय न्हवं? उद्या हवालदाराच्याच हातात द्या."

अध्यक्षांनी फोन खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. वारा त्यांच्या दिशेने होता. दानम्माने सूप न थांबवता मान वर केली.

"सरका, अप्पा. भुस्कट उडायलंय तुमच्या अंगावर."