बोलणारा खांब

टोकदार कमानींखाली तीनशे माणसं रांगेत ताटकळत होती आणि सगळ्यांना एकाच खांबाशी बोलायचं होतं. "एकाला एकच प्रश्न!" चर्चचा राखणदार ओरडत होता. "तोंड खाचेला लावा, हळू बोला. संतांना आरडाओरडा खपत नाही!" संत दगडाचे, पण कान भलतेच नाजूक.

वर परांचीवर काचकामवाली रंगीत खिडकीला शिशाची पट्टी बसवत होती. खाली खांबाशी तिचा मेहुणा पोचला तशी तिच्या हातातली पट्टी निसटली. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या बायकोने, म्हणजे हिच्याच धाकट्या बहिणीने, इथे विचारलं होतं, "इन्सुलिन सोडू का?" खांब म्हणाला होता, "सोड." सहाव्या दिवशी ती गेली.

"ती का गेली?" मेहुण्याने विचारलं.

"तुझी श्रद्धा कमी पडली," खांबाने सांगितलं.

मेहुणा मटकन खाली बसला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेऊ लागला.

काचकामवाली तरातरा उतरली आणि कमानीच्या दुसऱ्या टोकाच्या खांबामागचा पडदा तिने ओढला. राखणदाराचा भाऊ स्टुलावर बसून पाव चघळत होता. त्याला ढकलून तिने तिथल्या खाचेला तोंड लावलं. "भावोजी, संत नाही. मी बोलतेय."

मेहुणा दचकून उठला. लोक तिच्याकडे धावले, त्यांच्यामागे तोही.

"कमानीच्या कडेने ही खाच सलग गेलीय," ती म्हणाली. "इथली कुजबुज त्यातून वर चढते आणि तिकडे उतरते. या, बोलून बघा!"

दोघाचौघांनी बोलून पाहिलं. खरंच होतं.

राखणदार खवळला. "मला काय धरता? हिनेच शिकवलं! परांचीवरून ओरडून घसा बसतो म्हणून हिचे कारागीर खाचेतूनच सांगायचे, शिसं पाठव, काच पाठव. आणि महिनाभर डबा खाताना लोकांच्या प्रश्नांच्या नकला कोण करत होतं? हसून हसून ठसका लागायचा हिला!"

मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "मला वाटलं, गंमत आहे. आपल्या घरातलं कोण जाणार तिथे?"

तो तिच्याजवळ गेला. तिच्या तोंडावर थुंकला आणि निघून गेला.

तेव्हा दगड बोलायला लागला की आधी त्याच्या मागे जाऊन बघा. औषधाचं डॉक्टरला विचारा. आणि मागे कोण बसलंय हे ठाऊक असेल, तर हसत बसू नका. त्याच दिवशी रांगेत जाऊन मोठ्याने सांगा. निदान घरच्यांना तरी.