घट्ट बाही

बाहीची शिवण सरळ, देखणी आली होती. शिंपीण कात्रीने ती दिव्याखाली धरून एकदा मनापासून पाहिली, मग सुईच्या टोकाने सगळी उसवली आणि अर्धा इंच आत घेऊन पुन्हा मशीनवर चढवली. आता हात आत जाईल, पण कोपर वाकणार नाही. ड्रेस बेकरीवाल्याच्या बायकोचा होता आणि तो इतक्यात नीट होऊन चालणार नव्हतं.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. जिभेची धार पाहून बाजाराने ते ठेवलं होतं. शिवणकामात तिने कमावलेलं नाव आणखीच वेगळं. पहिल्या फेरीत कपडा अंगाला बसला तर शप्पथ, असं पुरुषमंडळी म्हणत. तरी आपल्या बायकांना तिच्याकडेच पाठवत, कारण माप घ्यायला बाई होती आणि मापाच्या पडद्यामागे पुरुषाला मज्जाव होता. त्या पडद्यामागे आणखी एक मशीन होतं, एक खाट होती आणि फोन होता. कुणी तिथे बसून आईशी पोटभर बोलून घेई, कुणी नुसतीच तासभर गाढ झोपे. बेकरीवाल्याची बायको शिवण शिकत होती. तिची बहीण दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात होती, तिथे हिचीही सोय होणार होती. नीट कॉलर लावता आली की ती जाणार होती. घरी सुगावा लागला असता तर तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता आलं नसतं.

मशीन थांबायच्या आत कात्रीची लेक दुकानात शिरली. मागोमाग महिला मंडळाच्या अध्यक्षबाई.

"आई, तुझी निवड झाली," लेक म्हणाली. "रविवारी सत्कार. मोठ्या सभागृहात."

"कशाबद्दल?"

अध्यक्षबाईंनी हसून पडद्याकडे पाहिलं. "हिने सगळं सांगितलं आम्हाला. बायकांना पुन्हा यायला निमित्त मिळावं म्हणून तुम्ही मुद्दाम कपडे बिघडवता ते. डोळ्यांत पाणीच आलं हो आमच्या. हे लोकांसमोर यायलाच हवं."

कात्रीने लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर चुकवली नाही.

"लोकांसमोर म्हणजे यांच्या नवऱ्यांसमोरच ना?" कात्री म्हणाली. "मग सोमवारी या पडद्यामागे कोण येईल?"

अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पण निमंत्रणं गेली, तुमच्या नावासकट," त्या चाचरत म्हणाल्या. "आता नाव गाळलं तर जो तो विचारेल, का गाळलं."

"गाळू नका. येते मी. इतकी वर्षं दुकान चालवलं, एवढंच बोला."

"लोक हसतील हो."

"हसतायत तोवर बरं आहे."

अध्यक्षबाई गेल्या. लेक मात्र जागची हलली नाही.

"शाळेत मला 'घट्ट बाही' म्हणून चिडवायचे," ती म्हणाली. "तुला कधी सांगितलं नाही. आई, एकदा तरी कळू दे यांना तू कोण आहेस ते."

कात्रीच्या ते जिव्हारी लागलं. तिला स्वतःलाही वाटे, का वाटू नये? या बाजारात तिच्याइतका सफाईदार हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. भरल्या सभागृहात कुणीतरी ते मोठ्याने म्हणावं, या नुसत्या कल्पनेने तिचा जीव सुखावून गेला. तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही ओवला जाईना.

"बेकरीवाल्याच्या बायकोची कॉलर अजून वाकडी येते," ती शेवटी म्हणाली. "ती सरळ होईपर्यंत मी वाकडंच शिवणार."

लेक तशीच निघून गेली. रविवारपर्यंत ती दुकानाकडे फिरकलीही नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. आगीतून म्हाताऱ्याला उचलून आणणाऱ्या मुलीचं कौतुक झालं, साथीच्या दिवसांत घरी न गेलेल्या नर्सचं झालं. मग अध्यक्षबाईंनी कात्रीला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "अनेक वर्षांच्या अखंड शिवणकामाबद्दल." टाळ्या जेमतेम पडल्या.

"अहो, एक बाही तरी धड शिवली का हिने?" तिसऱ्या रांगेतून बेकरीवाला ओरडला. "आमच्या हिचा ड्रेस अजून हेलपाटेच घालतोय."

सगळीकडे हशा पिकला. बायका मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिल्या. कात्रीचे कान तापले, पण तिने माईक ओढून घेतला.

"नाही जमली खरी," ती म्हणाली. "उद्या पाठवा तिला. काखेतही काचतंय, तेही बघते."

"पाठवतो की. पण मग सत्कार कसला चाललाय तुमचा? कपडे बिघडवल्याचा?"

यावर कुणी हसलं नाही. प्रश्न बिनतोड होता. दोन-चार माना अध्यक्षबाईंकडे वळल्या. त्या सरळमार्गी बाई. खोटं बोलायची सवय नव्हती, त्या हातातला कागद उलटसुलट करू लागल्या. बेकरीवाल्याच्या शेजारी त्याची बायको पांढरीफटक पडली होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून लेक उठली. पोरीला इतकी वर्षं साठलेलं बोलून टाकायची हीच वेळ होती, आणि तिला अडवायचं कसं ते कात्रीला सुचेना.

"चिकाटीचा सत्कार आहे, काका," लेक बेकरीवाल्याकडे वळून म्हणाली. आवाज खणखणीत होता. "मी पोटची पोर, तरी माझ्या ड्रेसचाही गळा हिला नीट शिवता आलेला नाही. हे बघा. येत नाही तरी सोडत नाही, एवढ्या चिकाटीला बक्षीस नको?"

सभागृह पुन्हा खदखदून हसलं. बेकरीवाला तर मांडीवर थाप मारून हसला आणि बायकोला म्हणाला, "जा बाई तू उद्या. सकाळीच जा."

कात्रीने लेकीच्या अंगावरच्या ड्रेसकडे पाहिलं. तो कात्रीनेच शिवला होता, एका बैठकीत, आणि त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. लेक सगळ्यांना दाखवायला तो गळा दोन्ही हातांनी ओढून वाकडा धरून उभी होती.