घरगुती अडचण

काकासाहेबांनी अर्ज एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि घडी घालून सरळ काळ्या कोटाच्या आतल्या खिशात टाकला. पुष्पावतीने सहीसाठी पुढे केलेलं पेन तसंच टेबलावर राहिलं.

"सर, सही..."

"बघतो मी." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तू घाबरू नकोस, पोरी. मी आहे."

यात घाबरण्यासारखं काय होतं ते तिला कळेना. तेवढ्यात पुकारा झाल्याचं कारकून सांगत आला आणि लॉ कॉलेजचे प्राचार्य, अ‍ॅडव्होकेट काकासाहेब निंबोरे, बाररूममधून झपाझप कोर्टाकडे निघून गेले. दारातले पक्षकार त्यांच्यामागे धावले. पुष्पावतीने पेनाचं टोपण लावलं.

अर्ज अगदी साधा होता. पहिलं वर्ष ती पास झाली होती, दुसऱ्या वर्षाला तिला पुण्याच्या लॉ कॉलेजात जायचं होतं, आणि त्यासाठी इथल्या प्राचार्यांचा ना हरकत दाखला लागत होता. पुण्याचे लोक महिनाअखेरपर्यंत जागा ठेवणार होते, पुढे नाही. अर्जात कारण काय लिहावं, असं तिने ऑफिसातल्या पुंजाराम क्लार्कला विचारलं, तेव्हा मानही वर न करता त्याने सांगितलं होतं, घरगुती अडचण लिहा. त्याचंही खरंच होतं. रजा हवी, बदली हवी, फी उशिरा भरायची, काहीही असलं तरी या जिल्ह्यात अर्जाचं कारण एकच. वर 'श्री' लिहावा तसं ते लिहायचं. वाचत कुणी नाही. तिनेही लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

खरं कारण तर कागदावर उतरवण्यासारखं नव्हतंच. कॉलेज म्हणजे सकाळी शाळा भरायच्या आधी हायस्कुलाच्या दोन खोल्या. शिकवणारे सगळे वकिली करणारे. पक्षकार आला की वर्ग बुडाला. आलेच कुणी, तर पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणं सांगायची आणि घड्याळ बघायचं. काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ते परीक्षेला येत नाही." वर्गातल्या इतरांची त्याला हरकत नव्हती. कुणी कचेरीतला कारकून, कुणी मास्तर, एक तर हेडकॉन्स्टेबल. सगळ्यांना पदवी हवी होती, कायदा नको होता. खुद्द काकासाहेब करार कायदा शिकवत. जूनमध्ये त्यांनी मोठ्या थाटात सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत प्रस्ताव नि स्वीकृती या पहिल्याच धड्याच्या पुढे गाडी सरकली नाही. पुढचं सगळं 'गाइडमध्ये बघा'.

माणूस मात्र देवमाणूस. भावाभावांची वाटणी मिटवायची असो, दवाखान्यात कुणाला खाट मिळवून द्यायची असो, रुसून माहेरी गेलेली सून परत आणायची असो, काकासाहेब पुढे. साऱ्या नगरच्या उठाठेवी करायला त्यांना वेळ होता, तो वर्ग घ्यायला तेवढा नव्हता. आणि अशा माणसाबद्दल तक्रार करायची तर करायची कुणापाशी?

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा एक वकील जिल्हा कोर्टात एका तारखेला आला होता. पुष्पावती मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तो बोलायला लागला आणि जज्जसाहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिला असं बोलायचं होतं, आणि इथे राहून ते येणार नव्हतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आठवडा गेला. ती बाररूमला जाई, काकासाहेब साक्षीदारात गुंतलेले. कॉलेजात जाई, ते आलेलेच नसत. वाटेत गाठलं तर डोळ्यांनीच दिलासा देत, "लक्ष घातलंय मी." लक्ष कशाला घालायचं? सही घालायची होती. तिचा जीव नुसता वैतागून गेला. पुंजारामला विचारलं तर तो म्हणे, अर्ज साहेबांच्या खिशात, माझ्याकडे काय.

शेवटी ती त्यांच्या घरी गेली. काकासाहेब नव्हते. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी तिला आत नेऊन बसवलं, चहा दिला, न मागता पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, आईबापांचा राग धरू नये बाळ, त्यांनाही समाजात तोंड दाखवायचं असतं. पुष्पावतीने बशी खाली ठेवली. कसला राग, कुठला समाज? पण असं मायेने बोलणाऱ्या बाईला उलट विचारायचं कसं, म्हणून ती नुसती मान हलवून बाहेर पडली. ते मान हलवणंसुद्धा पुढे तिच्या अंगाशी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग झाला नाहीच. व्हरांड्यात गहिनीनाथ हेडकॉन्स्टेबल तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, सरांनी सांगितलं मला. जबरदस्तीनं लगीन लावत असतील तर आपल्या चौकीला नुसता निरोप धाडा. बाकीचं मी बघतो."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. पोरीच्या अर्जात घरगुती अडचण म्हणजे दुसरं काय असणार? घरचे शिक्षण सोडवताहेत, लग्न उरकताहेत, आणि पोर बिचारी पुण्याला पळू पाहतेय. काकासाहेबांनी अर्ज वाचला तो असा, आणि काल मनकर्णाबाईंपुढे हललेली तिची मान म्हणजे त्यांच्या लेखी कबुलीच. आजवर हजारोंनी लिहिलेलं ते कारण वाचणारा आणि खरं मानणारा एकच माणूस जिल्ह्यात निघाला, तोही नेमका तिच्या वाट्याला.

ती धावतच ऑफिसात गेली. पुंजाराम शिक्के पुसत होता. साहेब आज श्रीगोंद्याला तारखेला गेलेत, असं म्हणून त्याने कौतुकाने भर घातली, जाता जाता तुमच्या गावावरनंही येणार आहेत, तुमच्या वडिलांना भेटायला.

पुष्पावती तिथेच बाकावर बसली. गावी फोन नव्हता, आणि आता निघून एसटीने पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असणार होतं.

तिचे वडील भिमाजी दुसऱ्या दिवशी सकाळीच नगरलगतच्या केडगावला हजर झाले. ती इथे आत्याकडे, बनुबाईकडे राहत होती. भिमाजींनी बहिणीने दिलेलं पाणी घेतलं नाही, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पुष्पे, बस खाली. मला येक सांग. आपल्या घरात कसली अडचन हाय?"

उत्तराची वाट न बघता तेच सांगू लागले. काकासाहेब भरदुपारी आले. भिमाजी ऊस सोडून सोसायटीच्या ओट्यावर आले, तिथे चार माणसं बसलेली, त्यात चुलत भाऊ छगनही. सगळ्यांदेखत काकासाहेबांनी हात जोडले. तुमची मुलगी हिरा आहे, तिच्या पायात बेड्या घालू नका म्हणाले, घरात नको झाली असेल तर माझ्या घरी मुलगी म्हणून ठेवतो म्हणाले. पोरीला शिकवतो म्हणून ज्या छगनने भिमाजींना दहा वर्षं टोचून खाल्लं, तो सगळ्यांत मोठ्याने माना डोलवत होता. आमीबी हेच सांगतो सायब, पोरीला छळू नगो, असं वर तो म्हणाला. पोरगी वकील झाल्यावर या, असं सांगून दोन चांगली स्थळं परत पाठवलेल्या भिमाजींनी हे सगळं उभ्याने ऐकून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"दोनदा मी बोलाया गेलो," ते म्हणाले, "तर म्हनला, मला सगळं ठावं हाय. वकील मानूस, पर दुसऱ्या बाजूचं ऐकलंच न्हाई त्यानं."

मग पुष्पावतीने सगळं सांगितलं. पुणं, अर्ज, पुंजाराम, घरगुती अडचण. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती आणि रागही येत होता. कुणावर धरावा ते कळत नव्हतं, म्हणून तो जास्तच येत होता. भिमाजी बराच वेळ टोपीची घडी मोडत आणि घालत बसले.

"म्हंजी तुला पुन्याला जायाचं हुतं."

"हो, आण्णा."

"मंग मला का न्हाई इचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हनलो असतो. चार दिस म्हनलो असतो. तू जेवली नसतीस, ह्या तुझ्या आत्यानं मला दोन शब्द सुनावलं असतं, मंग जा म्हनलो असतो. आजवर आसंच झालंय का न्हाई?"

दारात उभ्या बनुबाईने पदर तोंडाला लावला. पुष्पावतीला रडू आलं, ते तिने येऊ दिलं.

"चल," भिमाजी उठले. "त्येच्याकडं जाऊ. खरं काय त्ये सांग. माझ्या घरात अडचन न्हाई, येवढं त्येला कळू दे."

काकासाहेब घराच्या पुढच्या खोलीत पक्षकारांत बसले होते. बापलेकीला एकत्र आलेलं बघून ते उठूनच उभे राहिले. चेहरा नुसता फुलला. त्यांनी भिमाजींचा हात दोन्ही हातांत धरला, मिटलं ना, मला खात्री होती, असं म्हणून आत चहा सांगितला. पुष्पावतीच्या मनात आलं, हा माणूस थोडा तरी वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

"सर, घरी काही अडचण नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती."

"मग अर्जात?"

"सगळे लिहितात म्हणून लिहिलं."

काकासाहेब सावकाश खुर्चीत बसले. "मग खरं कारण काय?"

वाटेत तिने एक बरं कारण जुळवून आणलं होतं. पुण्याचं ग्रंथालय मोठं आहे, असं काहीतरी. पण दाराशी अवघडून उभ्या असलेल्या वडिलांकडे तिचं लक्ष गेलं आणि आठ दिवसांचा सगळा वैताग उसळून आला.

"इथं शिकवत नाहीत, सर."

पक्षकारांतल्या एकाने उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

"कोण शिकवत नाही?"

"कुणीच नाही."

उलटतपासणीत ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये, हे पंचवीस वर्षांच्या वकिलीत काकासाहेबांनी कितीतरी ज्युनिअरांना बजावलं असेल. तरी त्यांनी विचारलंच.

"मी?"

"तुम्हीही नाही, सर."

काकासाहेबांनी खुंटीवरच्या कोटातून अर्ज काढला. तो घामाने मऊ पडला होता. तो टेबलावर सपाट करून त्यांनी त्यावर सही केली आणि अर्ज तिच्या हातात न देता भिमाजींच्या हातात दिला.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी गावात येतो. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर सांगतो."

"नगा येऊ सायब," भिमाजी म्हणाले. "हाय त्ये ऱ्हाऊ द्या. परत आलात तर छगनला आनखी कायतरी सापडंल."

चहा आला होता. तो कुणी घेतला नाही.

पुण्याला खोली बघणं, आत्याची समजूत, गावाकडचे निरोप यात पुढचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. शनिवारी सकाळी भिमाजी ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर जागा धरायला गेले आणि पुष्पावती कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायला शेवटची म्हणून हायस्कुलात आली. तिचं नाव हजेरीतून कमी झालं होतं. दाखल्यावर फक्त शिक्का व्हायचा राहिला होता.

ऑफिसात पुंजाराम नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला दुसऱ्या वर्षाच्या खोलीतून आवाज येत होता. एवढ्या सकाळी आवाज कसला म्हणून ती तिकडे गेली. पुंजाराम दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. पाच दिवस झाले, साहेब रोज सातच्या आधी येतात, असं त्याने कुजबुजत सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही. आत बघितल्यावर वाटलं.

काकासाहेब कोट न घालता उभे होते. समोर वही नव्हती. एका माणसाने शेजाऱ्याच्या रानातून वीस वर्षं बैलगाडी नेली, शेजारी काही बोलला नाही, आणि एक दिवस त्याने वाटेत काटेरी कुंपण घातलं. आता गाडीवाल्याचा हक्क कुठला, आणि तो कशावरून? ते सांगत होते, थांबत होते, खडूने फळ्यावर बांध काढत होते. स्वतःशीच एखाद्या शब्दाशी अडत होते आणि तो पुसून दुसरा घेत होते. मास्तर, कारकून, हेडकॉन्स्टेबल सगळे पुढे वाकून बसले होते.

"शेजारी गप्प राहिला," काकासाहेब म्हणाले, "म्हणजे त्याने परवानगी दिली, की त्याने हक्क मान्य केला? दोन्हींत फरक काय?"

त्यांची नजर बाकांवरून फिरत फिरत दारापर्यंत आली आणि तिथे थांबली. पुष्पावतीने नकळत पदर सावरला. तिला उत्तर अर्धं सुचलं होतं. उरलेलं अर्धं ऐकायचं होतं. पण उंबऱ्याच्या आत ज्यांची नावं होती, त्यांनाच बोलायचा हक्क होता.

काकासाहेबांनी तिला आत बोलावलं नाही. ते फळ्याकडे वळले आणि पुन्हा सुरुवातीपासून समजावून सांगू लागले. या वेळी आवाज जरा चढवून, व्हरांड्यात ऐकू जाईल असा.

पुंजारामने दबक्या पावलांनी जाऊन शिक्का मारून आणला आणि दाखला तिच्यापुढे धरला. शाई अजून ओली होती.

"घ्या ताई. गाडी सुटंल तुमची."

पुष्पावतीने हात पुढे केला नाही.

"थांबा," ती म्हणाली. "तास संपू द्या."