उजेडबाबांचा पिवळा दिवा

तिन्हीसांजेला धरणाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. "आली! आली!" लोक ओरडत होते. तराफ्यावरून उजेडबाबांनी पाण्यात पांढरा दिवा सोडला होता आणि चहाच्या रंगाच्या त्या पाण्यात एक पांढरीफटक बया उभी राहिली होती. बाबांनी दिवा वर ओढला, डोळे मिटून मंत्र पुटपुटले आणि आपला 'सिद्ध' पिवळा दिवा सोडला. बया गायब! खाली, धरणाचं पाणी बाहेर सोडायच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीचं टोक दिसू लागलं.

काठावरची ताई मात्र तराफ्याकडेच बघत होती. तराफ्यावर तिचा पाणबुड्या भाऊ बाबांच्या सांगण्यावरून कमरेला बांधलेला दोर सोडत होता. जाळीतला कचरा काढायला तो काल उतरला, तेव्हा हीच बया त्याच्या तोंडासमोर आली होती. जितका मोठा दिवा लावावा, तितकी ती फुगायची. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"हवेची नळीही सोड," बाबा म्हणाले. "माझा दिवा असताना नळी म्हणजे अविश्वास! अविश्वासी माणसाला ती बया खेचते."

ताई तराफ्यावर चढली. "अरे, वेडा झालास का?"

"ताई, तू तिला जवळून बघितलं नाहीस."

"मग आत्ता बघते. बाबा, दिवा द्या."

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. हातातली वस्तू काढून घ्यायची तिला सवय होती. बाबा "अपवित्र! अपवित्र!" म्हणेपर्यंत तिने दिव्याची पिवळी काच काढलीसुद्धा.

"हं, आता म्हणा मंत्र. जोरात!"

बाबांनी घसा फुटेस्तोवर मंत्र म्हटला. दिवा खाली गेला आणि बया हजर! ताईने काच परत बसवली. "आता गप्प बसा." बया पसार.

काठावर खसखस पिकली.

"पाण्यात पानं कुजलीत, गाळ तरंगतोय," ताई म्हणाली. "धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत दिसते ना? तसाच हा गाळ उजेड डोळ्यांवर परत फेकतो. ही काच पांढऱ्यातला निळा उजेड अडवते; असलं तांबूस पाणी निळा गिळतं, पिवळा खोल जातो. हिरव्या पाण्यात हिरवा लावा. रंग पाणी बघून निवडायचा, मंत्र ऐकून नाही!"

भावाने पाण्यात डोकावून बघितलं. "म्हणजे खाली धोका नाही ना?"

"आहे की! जाळी आहे, पाण्याला ओढ आहे. धोकाच नाही असं छातीठोक सांगणारा भेटला, की आधी त्यालाच उतरायला सांगायचं. बांध दोर."